पडद्याआडच्या माणसाची बूज : संगणक आणि फोन नव्याने वापरणाऱ्यांसाठी

संगणक शिकवणारे पहिल्या दिवशी फाइल कशी उघडायची, मेल कसा पाठवायचा ते शिकवतात. कोणती फाइल उघडायची नाही आणि कोणता मेल पाठवायचा नाही, हे बहुधा कुणी सांगत नाही. ते ज्याचं त्याने ठेच लागल्यावर शिकावं, असा एकूण प्रघात आहे. अडचण अशी की इथे चूक आपली असते आणि ठेच भलत्यालाच लागते.

डिजिटल नीतिमत्ता म्हटलं की लोकांना हॅकर आठवतात, बँकेवरचे दरोडे आठवतात. ते सोडून द्या. मला काळजी वाटते ती साध्या, सज्जन माणसांच्या हातून रोज होणाऱ्या नुकसानाची. दुसऱ्याच्या टेबलावरचं पत्र उचलून चारचौघांत मोठ्याने वाचायला आपण धजत नाही. तेच पत्र स्क्रीनशॉट होऊन ग्रुपवर टाकताना हात अडखळत नाही, कारण समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एवढंच विचारायचं: या बटणाच्या पलीकडे कोण आहे, आणि त्याला हे चाललं असतं का?

पहिली पायरी : उघडतं म्हणून उघडू नका

संगणक तुम्हाला काय करू देतो आणि तुम्हाला काय करायची मुभा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर ‘पगार’ नावाचं फोल्डर दिसतंय, क्लिक केलं तर उघडतंही. कुणीतरी त्याला कुलूप लावायला विसरलंय. ही त्याची चूक असली, तरी ते वाचायचा परवाना तुम्हाला मिळालेला नाही. फोल्डर बंद करा आणि ज्याचं आहे त्याला सांगा.

हेच घरातही. कुणी एक फोटो दाखवायला फोन हातात दिला की आपलं बोट आपसूक पुढच्या फोटोवर सरकतं. सरकवू नका. फोन एका फोटोसाठी दिलाय. नवरा-बायको, भावंडं, जिवलग मित्र यांच्यात तर हे जास्तच पाळायला हवं. तिथे ‘आपल्यात काय लपवायचं’ ही सबब तयारच असते.

‘मी काही बिघडवलं नाही, नुसतं बघत होतो’ हे म्हणणं कुठवर टिकतं, याचं जुनं उदाहरण आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सोडला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत जाई. फाइली पुसायचा, काही चोरायचा त्यात भाग नव्हता. एखाद्या यंत्रावर आपली प्रत आधीच आहे का, हेही तो विचारायचा. पण कुणी खोटं ‘हो’ सांगून फसवू नये म्हणून सातातल्या एका वेळी उत्तर ‘हो’ आलं तरी तो आत शिरायचा. तेवढ्याने घात झाला. एकेका यंत्रावर प्रतींचा ढीग साचला आणि हजारो संगणक जागच्या जागी ठप्प झाले. मॉरिसला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली. दुसऱ्याच्या यंत्रावर प्रयोग करायचा तर आधी विचारावं लागतं. उत्सुकता ही परवानगी होत नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड, तो लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड कुलपात ठेवणारा प्रोग्रॅम), आणि जिथे मिळेल तिथे दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड वगैरेही मागणारी सोय. दर महिन्याला पासवर्ड बदलायची जुनी शिकवण आता मागे पडली आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये कारण नसताना तो सक्तीने बदलायला लावू नये असं सुचवलं. हे सगळं स्वतःच्या सोयीचं वाटतं, पण तुमचं खातं कुणाच्या हाती पडलं की त्याचा पहिला मेसेज तुमच्या ओळखीच्यांना जातो: ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’. नाव तुमचं असतं म्हणून ते फसतात.

दुसरी पायरी : लोकांची माहिती हातात आली की

हा भाग मोठा आहे, कारण घोटाळे इथेच होतात.

माहिती गोळा करतानाच हात आखडता घ्या. सहलीसाठी नावं लिहून घ्यायची आहेत, तर फॉर्ममध्ये जन्मतारीख कशाला? ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून मागितलेला प्रत्येक रकाना उद्या सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते. जे मागितलंच नाही ते हरवूही शकत नाही.

‘नावं काढून टाकली, आता काय हरकत’ हा दुसरा गैरसमज. लटान्या स्वीनी या संशोधक महिलेने १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतील. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी केलेले शोध जाहीर केले. नावांच्या जागी आकडे घातले होते. पत्रकारांनी एका आकड्यामागचे शोध वाचून काही दिवसांत ती बाई शोधून काढली. माणूस आजार शोधतो, आपल्या गावातली दुकानं शोधतो, आपलंच आडनाव शोधतो; नाव वेगळं सांगायची गरजच उरत नाही.

आता पाठवण्याकडे वळू. पन्नास जणांना एकच मेल जायचा असेल आणि ते एकमेकांना ओळखत नसतील, तर पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’च्या चौकटीत घालू नका, ‘बीसीसी’त घाला, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत. ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता टाकला की झालं. साधी सूचना असेल तर चूक झाली तरी फारसं बिघडणार नाही. पण तो मेल एखाद्या आजाराच्या रुग्णांना किंवा कर्ज थकलेल्यांना असेल, तर नुसत्या यादीत नाव असणं म्हणजेच गुपित फुटणं.

एक्सेलची फाइल पाठवत असाल तर आणखी सावध. रकाना लपवला म्हणजे गेला नाही. समोरच्याने दोन क्लिक केले की परत दिसतो. फिल्टर लावून दहा ओळी ठेवल्या तरी उरलेल्या चारशे फाइलमध्येच असतात. खाली दुसऱ्या शीटचा टॅब राहिलेला असतो. मी सांगेन तो उपाय बावळट वाटेल पण चालतो: हवं तेवढंच निवडा, कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा आणि ती नवी फाइल पाठवा.

पीडीएफमधल्या मजकुरावर काळी पट्टी ओढली की तो झाकला गेला असं आपल्याला वाटतं. पट्टी हे एक चित्र असतं. खालची अक्षरं जागेवरच राहतात. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या अमेरिकेतल्या गाजलेल्या खटल्यात त्यांच्याच वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रात हे झालं. पत्रकारांनी पट्टीखालचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, आणि गोपनीय भाग जगजाहीर झाला. तुमच्या फाइलची परीक्षा अशीच घ्या: पट्टीवरून माउस ओढून सगळं निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. अक्षरं उमटली तर फाइल पाठवू नका. पीडीएफ प्रोग्रॅममध्ये ‘रिडॅक्ट’ नावाची वेगळी सोय असते, ती वापरा. नाहीतर मजकूर मूळ फाइलमध्येच खोडून नवी पीडीएफ काढा.

फोटोंचंही तसंच. लोकेशन चालू असताना फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरस उद्योजक जॉन मॅकअफी पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या पत्रकारांच्या नियतकालिकाने मॅकअफींचा फोटो साइटवर टाकला, आणि फाइलमधल्या आकड्यांवरून ते ग्वाटेमालात आहेत हे लोकांनी काढलं. पळून जाणाऱ्या श्रीमंत माणसाची कीव येऊ नये कदाचित, पण त्याच आकड्यांवरून एखाद्या लहान मुलीच्या घराचा दरवाजाही सापडतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून जागेची नोंद बंद करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल आतल्या नोंदींसकट जाते, हेही लक्षात असू द्या.

फोटो टाकण्याआधी फोटोतल्याला विचारायचं. तो ‘नको’ म्हणाला तर ‘किती छान आलायस’ म्हणून गळ घालायची नाही. मुलांना तर आपण काय परवानगी देतोय हेच कळत नसतं, त्यामुळे आंघोळीचे, रडतानाचे, शाळेच्या गणवेशातले फोटो आपल्याजवळच ठेवावेत. दहा वर्षांनी वर्गातल्या पोरांना ते सापडतील तेव्हा उत्तर त्या मुलालाच द्यावं लागेल.

तिसरी पायरी : पुढे ढकलण्याआधी

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण आता बोटाला लागू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून फिरून आलाय असं समजा. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, अशी मर्यादा कंपनीने एप्रिल २०२० मध्ये घातली. म्हणजे यंत्रही तुम्हाला थांबायला सांगतंय.

थांबून करायचं काय? मेसेजमध्ये तारीख आहे का बघा. ‘उद्यापासून’ असं लिहिलेला मेसेज तीन वर्षं जुना असू शकतो. फोटो असेल तर तो गुगल लेन्ससारख्या साधनात टाकून शोधा. जुन्या पुराचा, परक्या देशातल्या दंगलीचा फोटो नव्या ओळी लावून फिरवणं हा सगळ्यात सोपा खोटेपणा आहे, आणि पकडायलाही तोच सोपा. मजकुरात संस्थेचं नाव असेल तर त्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवर ते आहे का पाहा. एवढं करायला वेळ नसेल तर मेसेज तुमच्यापाशी संपू द्या. कुणाचं काही अडत नाही.

खरी असलेली प्रत्येक गोष्टही पुढे पाठवण्याजोगी नसते. अपघाताचा फोटो खरा असतो, पण त्या माणसाच्या घरच्यांना ती बातमी तुमच्या ग्रुपमधून कळावी का?

आणि खोटं काही पुढे गेलंच असेल, तर गुपचूप डिलीट करून मोकळं होऊ नका. ज्या ग्रुपवर टाकलं तिथेच लिहा की ते चुकीचं होतं. ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून ते डिलीट झालेलं नसतं.

चौथी पायरी : दुसऱ्याची मेहनत

इंटरनेटवर दिसतं म्हणजे ते बेवारस नाही. चित्राखाली ‘साभार : गुगल’ लिहिणं तर निव्वळ विनोद आहे, गुगलने ते चित्र काढलेलं नाही, फक्त शोधून दाखवलंय. कविता लाखो फोनांवरून फिरते आणि कवीचं नाव वाटेतच गळतं. पुढे कुणीतरी खाली भलतंच मोठं नाव जोडतं. तुमच्याकडे आलेल्या मजकुराखाली नाव असेल तर ते तोडू नका, नसेल तर अंदाजाने जोडू नका.

नाव दिलं की परवानगी मिळाली, असंही नाही. वापरायला मोकळं काय आहे ते ओळखायला शिका. २००२ च्या डिसेंबरपासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. त्यांतली चार अक्षरजोडं पाठ केली तरी बरंच भागतं: ‘बीवाय’ म्हणजे निर्मात्याचं नाव द्या, ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरू नका, ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नका, ‘एसए’ म्हणजे बदल केलात तर तीही वस्तू त्याच अटींवर मोकळी ठेवा. चित्राखाली मूळ नाव, निर्माता, परवाना आणि दुवा एवढं लिहिलं की काम चोख.

सॉफ्टवेअरची चोरून मिळवलेली प्रत वापरणाऱ्याला मी नीतीचा पाठ देत बसणार नाही. दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कुलूप तोडलेल्या प्रतीत तोडणाऱ्याने आणखी काय घातलंय ते तुम्हाला कळत नाही, आणि त्या यंत्रावर तुमच्यासोबत इतरांचीही माहिती असते. शिवाय गरजच नाही: लिहिण्या-आकडेमोडीला लिबरऑफिस, चित्रांना जिंप, आकृत्यांना इंकस्केप हे सगळं कायदेशीरपणे फुकट आहे, आणि हौसेने वाटताही येतं.

पाचवी पायरी : एआयकडून काम करून घेताना

चॅटबॉट, म्हणजे चॅटजीपीटीसारखा विचारलं की लिहून देणारा प्रोग्रॅम, जे लिहून देतो त्याखाली सही तुमची असते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांच्या निवेदनातले पूर्वीच्या खटल्यांचे दाखले चॅटजीपीटीने रचलेले होते. असे खटले झालेच नव्हते. नावं, तारखा, अवतरणं, कलमं ही मूळ ठिकाणी जाऊन तपासायची, मग पुढे द्यायची.

चॅटबॉटच्या चौकटीत काय चिकटवता याचाही विचार हवा. मैत्रिणीचा वैद्यकीय अहवाल ‘सोप्या भाषेत समजावून सांग’ म्हणून टाकलात, तर तो तिच्या नकळत एका कंपनीच्या संगणकावर गेला. नाव, क्रमांक, पत्ता काढून मगच विचारा, किंवा आधी तिला विचारा.

यंत्र निःपक्षपाती असतं या भ्रमातही राहू नका. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. तेव्हा कुणाला नोकरीला घ्यायचं, कुणावर संशय घ्यायचा असा निवाडा यंत्राने सुचवला तर शेवटचा शब्द माणसाचा हवा, आणि त्या माणसाने ‘सिस्टिमने सांगितलं’ म्हणून हात झटकता कामा नये.

सहावी पायरी : न पाहू शकणाऱ्या वाचकाची आठवण

सूचनेचा मजकूर चित्रात कोंबून पाठवायची सवय सोडा. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) फोन ऐकणाऱ्या अंध माणसाला बहुतेकदा ‘चित्र’ एवढंच ऐकू येतं. सभा कधी, कुठे ते त्याला कळतच नाही. चित्र हवंच असेल तर सोबत तोच मजकूर टाईप करा, चित्राला वर्णन जोडा. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरंही नकोत; वेबसाठीच्या मान्य निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ एवढा उजेड-अंधाराचा फरक मागितला आहे आणि तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात.

सातवी पायरी : दुसऱ्याच्या घराला भोक दिसलं तर

समजा, तुमची पावती उघडली आणि पत्त्याच्या पट्टीत शेवटी १०४५ हा आकडा दिसला. सहज १०४६ केला, तर परक्या माणसाची पावती, फोन नंबरासकट. नवख्या माणसालाही असं दिसू शकतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत तो काय करतो यावर सगळं ठरतं. पुढचा आकडा घालून बघू नका. उतरवून घेऊ नका. फुशारकीने स्क्रीनशॉट टाकू नका. भोक बुजायच्या आत शंभर जण त्यातून डोकावतील. दिसलं तेवढं, केव्हा आणि कसं ते लिहून त्या संस्थेला कळवा. काही साइटवर अशा तक्रारींसाठी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल ठेवलेली असते, त्यात संपर्क मिळतो. मुरलेले लोकही दुरुस्तीला मुदत देतात. गुगलचा प्रोजेक्ट झीरो हा गट साधारण ९० दिवस थांबतो आणि मग जाहीर करतो.

आठवी पायरी : यंत्र टाकून देताना

जुन्या फोनमध्ये तुमच्यापेक्षा इतरांचंच जास्त असतं: त्यांचे नंबर, त्यांनी विश्वासाने लिहिलेले मेसेज, त्यांचे फोटो. डिलीट केलेली फाइल पुष्कळदा परत काढता येते. म्हणून आधी हवं ते उतरवून घ्या, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा (फोन पुसून नव्यासारखा कोरा करणारी सोय) आणि सिमकार्ड, मेमरी कार्ड काढून घ्या. हार्ड डिस्क असलेला जुना संगणक असेल तर डिस्क पूर्ण पुसणारा प्रोग्रॅम चालवा.

त्याहून आधी, खरंच टाकायचाय का ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी काढलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातलं शिसं आणि पारा कुणाच्या तरी हाताला, श्वासाला लागतो. बॅटरी बदलून फोन दोन वर्षं आणखी चालत असेल तर चालवा. नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. फुगलेली बॅटरी तर साध्या कचऱ्यात कधीच नको, ती पेट घेते.

चूक झालीच तर

चुकीची फाइल गेली, चुकीच्या ग्रुपवर फोटो पडला, पासवर्ड फसवून घेतला गेला. पहिल्या तासात घाबरून गप्प बसणं हीच खरी मोठी चूक. पाठवलेला मेल परत घेणाऱ्या ‘रिकॉल’ बटणावर भरवसा ठेवू नका, ते बहुतेक वेळा संस्थेबाहेर चालत नाही. संस्थेचं काम असेल तर वरिष्ठांना लगेच सांगा. युरोपातल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात लोकांना धोका होईल अशी गळती कळल्यापासून शक्यतो ७२ तासांत नियामकाला कळवावी लागते, म्हणजे दडवून ठेवलेला प्रत्येक तास संस्थेलाही महागात पडतो.

मग ज्यांची माहिती गेली त्यांना, आणि ज्यांच्याकडे गेली त्यांनाही, वेगवेगळं कळवा. मेसेज साधा असावा: ‘काल संध्याकाळी मी पाठवलेल्या मेलला सभासदांच्या फोन नंबरांची यादी चुकून जोडली गेली. त्यात तुमचा नंबर होता. मेल बारा जणांना गेला. फाइल पुसायला मी त्यांना सांगितलं आहे, नऊ जणांनी पुसल्याचं कळवलं आहे. अनोळखी फोन आले तर मला सांगा.’ काय गेलं, कुणाकडे गेलं, तुम्ही काय केलंत, त्यांनी काय करायचं, एवढं त्यात यायला हवं. ‘तांत्रिक कारणामुळे’ असं काही घालू नका; यादी तुम्हीच जोडली होती. उरलेल्या तिघांना दुसऱ्या दिवशी फोन करा.